कर्णबधिर लेकराची मातृभाषा

जनगणनेच्या प्रगणकांना जी सूचनापुस्तिका देण्यात येते, तिच्यात मातृभाषेच्या रकान्याविषयी एक लहानसे वाक्य वर्षानुवर्षे छापले जात आहे. माणसाच्या बालपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती त्याची मातृभाषा, अशी व्याख्या करून झाल्यावर पुस्तिका पुढे सांगते की, तान्ही मुले आणि मूकबधिर यांच्या बाबतीत आई एरव्ही जी भाषा बोलते तीच नोंदवावी. सूचना व्यवहाराच्या सोयीची आहे आणि ती लिहिणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु तान्ह्या मुलाची आणि बधिर माणसाची एका ओळीत बोळवण करताना एक गोष्ट नजरेआड होते. तान्हे मूल वर्षा-दोन वर्षांत आईची भाषा उचलते. जन्मतः बधिर असलेला माणूस साठ वर्षांचा झाला, तरी आईच्या ज्या भाषेचा एक शब्दही त्याच्या कानी पडलेला नाही, तीच त्याच्या नावावर लावली जाते.

अन्यत्र हा रकाना केवळ आकडेमोडीचा विषय असेल. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात मात्र त्याच रकान्यावर पिढ्यांचे राजकारण उभे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मराठीभाषी टापू तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून गावागावांतील भाषिक टक्केवारी हाच वादी-प्रतिवादींचा पुरावा ठरला. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी, खानापूर व नंदगड महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरला, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राला मानवली नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो, त्या गावांतील कर्णबधिर मुलेही या टक्केवारीत धरलेली आहेत. आई मराठी म्हणून मूल मराठी, आई कन्नड म्हणून मूल कन्नड. दोन्ही बाजूंनी त्यांना मोजले. त्यांना स्वतःची भाषा कोणती आणि ती त्यांना कोणी दिली, ही चौकशी मात्र या सत्तर वर्षांच्या भांडणात कोणी केल्याचे आम्हांस दिसत नाही.

कर्नाटक शासन म्हैसूर, बळ्ळारी, कलबुर्गी आणि बेळगाव या चार ठिकाणी कर्णबधिर मुलांच्या शाळा चालविते. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके यांचा भार शासनावर. ज्या घरात दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबून किंवा विड्या वळून संध्याकाळची चूल पेटते, त्या घराला अशा शाळेचा आधार किती मोठा आहे हे सांगावयास नको. खासगी संस्थांच्या दारी फी विचारली जाते, शासकीय शाळेत ती विचारली जात नाही, एवढ्यावरच अनेक मुलांचे शिक्षण उभे राहिलेले असते. या शाळांविषयी बोलताना 'दया', 'सेवा', 'पुण्य' हे शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरले जातात. वाढदिवसाला मुलांना जिलेबी वाटून वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणणाऱ्यांची आमच्या कार्यालयात वाण नाही. परंतु शाळा ही शाळा असते. ती अनाथाश्रम नव्हे आणि देवस्थानही नव्हे.

या देशात कर्णबधिरांच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १८८५ साली माझगावात पहिली शाळा निघाली, त्यानंतर १८९३ साली कलकत्त्यास. म्हैसूर संस्थानात १९०१ साली बधिर व अंध मुलांची शाळा सुरू झाली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथल्या बधिर मुलाला शाळा हवी असेल तर मुंबईची वाट धरावी लागे, म्हणजे बहुतेकांना ती मिळतच नसे. आज ती जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, ही प्रगती उघड आहे आणि ती मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

मुंबईची शाळा निघाली तो काळ मात्र या मुलांच्या दृष्टीने वाईट होता. अवघ्या पाच वर्षांपूर्वी, १८८० साली, इटलीतील मिलान शहरी बधिरांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. मुलांना ओठांवरून शब्द ओळखावयास आणि तोंडाने बोलावयास शिकवावे, हातांच्या खुणा शाळेतून हद्दपार कराव्या, असा ठराव तेथे झाला. मत देणारे बहुतेक सारे ऐकू येणारे होते. त्या ठरावाची छाया जगभर शंभर वर्षे पडून राहिली. अनेक देशांत मुलांचे हात मागे बांधण्यापर्यंत मजल गेली. २०१० साली व्हँकुव्हर येथे त्याच परिषदमालिकेच्या व्यासपीठावरून जुना ठराव रद्दबातल मानून खेद व्यक्त करण्यात आला. ठराव मागे घेता आला. एकशे तीस वर्षांत ज्यांचे बालपण त्यापायी मुके गेले, त्यांचे काय करावयाचे हे मात्र कोणत्याच ठरावाने सांगितले नाही.

ओठांवरून भाषा वाचणे म्हणजे काय, याचा अनुभव वाचकांनी घरच्या घरी घ्यावा. आरशासमोर उभे राहून आवाज न करता 'पापा', 'बाबा' आणि 'मामा' असे तीन शब्द उच्चारावे. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. क, ग, ह ही अक्षरे तर कंठाशी उमटतात. ओठांवर त्यांचा मागमूसही नसतो. आणि ज्या शब्दाने मराठी मूल जगाशी पहिले नाते जोडते, तो 'आई' हा शब्द ओठ न मिटताच संपतो. समोर बसलेल्या मुलाला दिसते ते एवढेच की, एक तोंड उघडले आणि किंचित रुंदावले. ज्याने भाषा आधी ऐकली आणि नंतर कान गमावले, तो अशा खुणांवरून पुष्कळ जुळवून घेतो. ज्याने ती कधीच ऐकलेली नाही, त्याने कोडे सोडवावयाचे ते कशाच्या आधारावर?

यावर मुलांनी स्वतःच शोधलेले उत्तर निवासी शाळांच्या वसतिगृहात सापडते. घरून आलेले मूल चार-दोन घरगुती खुणा घेऊन येते. भूक, पाणी, झोप, शेळी, बाबा रागावले. तेवढ्यावर सहा-सात वर्षे गेलेली असतात. वसतिगृहात ते मोठ्या मुलांमध्ये पडते आणि काही महिन्यांत कालच्या गोष्टी, उद्याच्या गोष्टी, थट्टा, तक्रार, खोटे बोलणे, शपथ घेणे सारे काही हातांनी करू लागते. अशा वसतिगृहांत गप्पा चालतात त्या दिव्याखाली. दिवा मालवला की संभाषण संपते, म्हणून दिवा मालविण्यावरून रोज कटकट. मूल आल्यावर सोबती त्याला एक खूणनाव देतात. कपाळावरचा व्रण, कुरळे केस, कानातली बाळी, चालण्याची ढब, जे डोळ्यांत भरेल त्यावरून. आईने बारशाला ठेवलेले नाव त्याला ऐकू येत नाही, आणि मित्रांनी दिलेले नाव आईला ठाऊक नसते.

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात याच घटनेची मोठी आवृत्ती घडली आणि भाषाशास्त्रज्ञांना ती प्रत्यक्ष पाहावयास मिळाली. १९७७ साली मानाग्वा शहरात विशेष शाळा निघाली आणि १९७९ च्या क्रांतीनंतर तिथे शेकडो बधिर मुले प्रथमच एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांवरून स्पॅनिश शिकवू पाहात होते आणि त्यात त्यांना यश येत नव्हते. मैदानात आणि बसमध्ये मात्र मुलांनी आपापल्या घरगुती खुणा एकमेकांत मिसळल्या, आणि लहान मुलांच्या पुढच्या तुकड्यांनी त्या खुणांना व्याकरण दिले. एक नवी भाषा जन्माला आली. भाषेसाठी कान अनिवार्य नाहीत, सोबत अनिवार्य आहे, याहून वेगळा अर्थ त्यातून निघत नाही. आणि खेड्यापाड्यांतून एकेकटे विखुरलेल्या बधिर मुलाला ती सोबत देते ती निवासी शाळाच. अशा मुलांना सर्वसाधारण शाळांत सामावून घ्यावे, हा विचार आज सर्वत्र प्रतिष्ठा पावला आहे. त्यामागची भावना चांगली आहे. पण चाळीस बोलणाऱ्या मुलांत शेवटच्या बाकावर एक बधिर मूल बसविणे, हे सामावून घेणे की एकान्तवास, याचा विचार झालेला दिसत नाही.

आपल्या देशातील बधिरांच्या खुणा म्हणजे प्रत्येक गावची वेगळी मूकाभिनयाची पद्धत, असा समज पुष्कळ दिवस होता. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर या शहरांतील बधिरांच्या खुणांचा अभ्यास केला. यांतील वशिष्ठ हे हिमाचलातील एका खेड्यात वाढलेले, बालपणी श्रवण गमावलेले गृहस्थ. शब्दांत शहरागणिक फरक आहे, पण व्याकरणाची बैठक एक आहे, असे त्यांना आढळले. मुंबई आणि बंगलोर ही दोन नावे सीमाभागाच्या वाचकाने जरा थांबून वाचावी. ज्या दोन राजधान्यांत भाषेवरून उभा दावा आहे, त्यांच्यातले बधिर नागरिक एकमेकांशी दुभाष्यावाचून बोलू शकतात. निपाणीचा मुलगा आणि गोकाकचा मुलगा वसतिगृहाच्या एका खोलीत आठ दिवसांत दोस्त होतात. त्यांच्यात सीमाप्रश्न नाही.

तो उद्भवतो पाटीवर आणि वहीत. खुणांची भाषा लिहिली जात नाही. लेखनवाचनासाठी कोणत्या तरी बोलभाषेचा आश्रय करावाच लागतो. कर्नाटक शासनाच्या शाळेत ती कन्नड असणार, हे ओघानेच आले. निपाणीहून बेळगाव सुमारे पंचाहत्तर किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे चाळीस. कोल्हापूर-मिरजेकडे कर्णबधिरांच्या मराठी शाळा आहेत. तेव्हा निपाणीच्या बापासमोर प्रश्न पडतो तो असा. मुलाला जवळच्या पण परराज्यातल्या मराठी शाळेत घालावे, तर पुढे त्याचा निर्वाहवेतनाचा अर्ज, नोकरीतले आरक्षण, बँकेतला कागद, सारे कर्नाटकातले आणि कन्नडमधले. स्वतःच्या राज्यातल्या शाळेत घालावे, तर मूल जी अक्षरे शिकून येईल ती घरात कोणाला वाचता यावयाची नाहीत. परीक्षा मंडळे कर्णबधिर विद्यार्थ्यांना भाषाविषयांत सवलत देतात आणि ती द्यावयासच हवी. परंतु सीमाभागात या सवलतीचा एक अनपेक्षित परिणाम होतो. ऐकू येणारे मराठी मूल शाळेत कन्नड शिकून घरी मराठी राहते. बधिर मुलाला एकच लिखित भाषा मिळते, आणि जी मिळत नाही ती बाजारातून, देवळातून, शेजारणीकडून कानावर पडून येण्याचा मार्ग त्याला बंद असतो.

दिवाळीच्या सुटीत असे मूल घरी आले, असे समजा. त्याला पुष्कळ सांगावयाचे असते. ते हात हलविते. आई हसते, मान डोलविते आणि ताटात आणखी एक करंजी वाढते. मग ते कागद घेऊन लिहिते. आई शिकलेली असली तरी ते लिपीच वेगळी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल सांगण्याचा नाद सोडून देते आणि दूरदर्शनसंचासमोर बसून राहते. शाळा उघडण्याचे दिवस ते मोजू लागते, आणि घरच्यांना वाटते की, पोर वसतिगृहात राहून दुरावले.

कन्नडविषयी आमची तक्रार आहे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या राज्यात त्या मुलाने पोट भरावयाचे, त्या राज्याची भाषा त्याला वाचता-लिहिता आलीच पाहिजे. ती नाकारणे म्हणजे आपल्या हट्टाचे ओझे सर्वांत दुबळ्या खांद्यावर टाकणे होईल. उलट, उद्या हा भाग महाराष्ट्रात गेला, तर तेथल्या कन्नड घरांतील बधिर मुलांवर हीच पाळी येईल. तेव्हा आम्ही हेच लिहिणार आहोत.

आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी खुणांची भाषा, शिकविण्याचे माध्यम म्हणून. आणि तिच्या आधाराने लिखित भाषा. यात नवे असे काही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिरांचे शिक्षण सर्वांत योग्य अशा भाषेत व माध्यमात देण्याचे आणि खुणांच्या भाषेत पारंगत शिक्षक नेमण्याचे बंधन शासनावर घातले आहे. त्या शिक्षकांत स्वतः दिव्यांग असलेले शिक्षकही अभिप्रेत आहेत. २०१५ साली दिल्लीस भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार संज्ञा जमा झाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या भाषेचे देशभर प्रमाणीकरण करण्याचे म्हटले आहे. कागद भक्कम आहेत. पण या मुलांचा शिक्षक व्हावयास सर्वांत लायक कोण, तर त्याच शाळेतून शिकून बाहेर पडलेला बधिर तरुण. आणि शिक्षकाच्या पदव्यांची व परीक्षांची चौकट अशी आहे की, तो दारातच अडावा. एखाद्या गावात मराठी शिकविण्यासाठी मराठी येणारा सोडून सर्वांच्या मुलाखती घ्याव्या, तसाच हा प्रकार.

राज्यघटनेतील ३५०-अ हे कलम भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असे सांगते. ते घटनेत आले १९५६ सालीच, राज्यपुनर्रचनेच्या जोडीने. सीमाभागातील मराठी माणसाने त्याचा आधार वारंवार घेतला आहे. बेळगावच्या वसतिगृहातील मूल दोन अंगांनी भाषिक अल्पसंख्य आहे: घराच्या भाषेने आणि हातांच्या भाषेने. या कलमाचा त्याच्यासाठी उपयोग करावयाचा तर फार मोठा खर्च नाही. ज्या पालकांची मागणी असेल त्यांच्या मुलांना कन्नडबरोबर मराठी लिपीची व साध्या वाक्यांची ओळख करून द्यावी. देवनागरी त्यांना हिंदीसाठीही उपयोगी पडेल. आणि शनिवार-रविवारी निपाणी, चिकोडी, खानापूर येथे आईबापांसाठी खुणांच्या भाषेचे वर्ग भरवावे. हे दुसरे काम पहिल्याहून महत्त्वाचे. आईने शंभर खुणा शिकल्या आणि त्यांत मुलाचे खूणनाव असले, तर दिवाळीची सुटी निराळी जाईल. आता तर हातातल्या फोनवर समोरासमोर दिसते. वसतिगृहातून मूल घरी बोलू शकते, मात्र पलीकडच्या माणसाला ते बोलणे कळावयास हवे. २०२३ साली महाराष्ट्राने आपली आरोग्यविमा योजना सीमाभागातील त्या ८६५ गावांना लागू केली आणि त्यावरून दोन सरकारांत जुंपली. अशा वर्गांच्या खर्चावरून भांडण करण्याइतकी रक्कमच त्यात नाही.

हे सारे मूल शाळेत आल्यानंतरचे. त्याआधीची वर्षे याहून मोलाची असतात. भाषेचे पीक पहिल्या पाच वर्षांत येते, आणि आपल्याकडे मूल बहिरे आहे हे कळावयासच दोन-तीन वर्षे जातात. त्याचा चुलताही उशिराच बोलला होता, असे आजी सांगते आणि सारे निश्चिंत होतात. जन्मानंतर काही दिवसांत करता येणारी श्रवणचाचणी काही मिनिटांची असते आणि तिने बाळाला काही दुखत नाही. वेळीच निदान झाले तर श्रवणयंत्राचा उपयोग होतो, काहींना शस्त्रक्रियेने कर्णरोपणही करता येते. अर्थात तीही जादू नव्हे. मूल वाढते तसा कानातला साचा दर काही महिन्यांनी बदलावा लागतो, पावसाळ्यात यंत्रात ओल शिरते, आणि यंत्र मिळाले म्हणून हातांची भाषा टाकण्याचे कारण नाही. जर्मन गोवर या गर्भवतींच्या रोगाने बधिर झालेली मुले अनेक आहेत. त्यावरील गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये ज्या पहिल्या राज्यांत सुरू झाली, त्यांत कर्नाटक आणि गोवा दोन्ही होती. मामा-भाचीचे आणि आतेमामेभावंडांचे विवाह हा त्या भागात नाजूक विषय आहे, परंतु आनुवंशिक बधिरपणा त्यामुळे वाढतो ही गोष्ट सोयरिकी जुळविणाऱ्यांना कोणीतरी स्पष्ट सांगितली पाहिजे.

चोर्ला आणि अनमोडच्या खाली राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा घाटमाथ्यावरचा प्रश्न वाटेल. बेळगावशी आपला संबंध भाजी, दूध आणि इस्पितळे एवढाच, असे आपण धरून चालतो. पण गोव्यातील बधिर मुलाची स्थिती फार वेगळी आहे काय? घरात कोकणी, देवळातल्या आरत्या मराठी, शाळेतले पुस्तक इंग्रजी. आपणही १९६७ चा जनमतकौल पाहिला आणि १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळी रस्त्यावर उतरलो. भाषेसाठी आपण किती तापू शकतो याचा दाखला वेगळा द्यावयास नको. चवथीला घरोघरी घुमटावर थाप पडते तेव्हा घरातले बधिर मूल घुमटाच्या पोटाला हात लावून उभे राहते, कारण तो नाद त्याला तळहातातून कळतो. त्याच्याशी बोलण्यासाठी घरातल्या किती जणांना किती खुणा येतात, हे त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत बसल्यावर मोजून पाहावे.

१ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून देशाची जनगणना ठरली आहे. २०११ साली श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांच्या वर झाली होती. त्यांच्यापैकी किती जण खुणांच्या भाषेत व्यवहार करतात हे त्या आकड्यावरून कळत नाही. प्रगणकाने मातृभाषेच्या रकान्यात आईची भाषा लिहावी, त्यास आमची हरकत नाही. त्यापुढे व्यक्तीला येणाऱ्या अन्य भाषांचे रकाने असतात. बधिर व्यक्तीला खुणांची भाषा येते काय, हा प्रश्न तेथे आवर्जून विचारावा, आणि उत्तर घेताना मागच्या खोलीतून त्या व्यक्तीला बाहेर बोलवावे, एवढी सूचना पुस्तिकेत घालणे महानिबंधकांच्या हातचे आहे.